बाइंडरकाकांची मुदतवाढ

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. ही गोष्ट ते कबुली दिल्यासारखी सांगत नसत. इतर लोक आपलं निर्व्यसनीपण सांगतात तशी सांगत. बांधायला आलेला कागद वाचायचा नाही, हा त्यांच्या गुरूचा दंडक होता. वाचणाऱ्याचा हात मंदावतो, हे एक कारण. दुसरं असं की बाइंडरकडे लोक मृत्युपत्रं आणतात, घटस्फोटाच्या फायली आणतात, बारा वर्षं खपून लिहिलेले आणि कोणीही न छापलेले ग्रंथ आणतात. न्हाव्याला आणि डॉक्टरला माणूस जितका उघडा दिसतो तितकाच बाइंडरलाही दिसू शकतो. बाइंडरला फक्त डोळे मिटायची सोय असते. काकांनी ती पुरेपूर वापरली.

गुरू म्हणजे काकूंचे वडील. जावयाने सासऱ्याचा शब्द पाळला. मुलीने बापाचा पाळला नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. दुकानाच्या मागच्या भागात, छताला काच बसवली होती तिच्या बरोबर खाली, काकू स्टुलावर बसून शिवत. मोठे कागद घडी घालून सोळा-सोळा पानांचे गठ्ठे होतात, त्यांना फर्मे म्हणतात. एकेक फर्मा दोऱ्याने शिवत गेलं की पुस्तक तयार होतं. काकू हातातला फर्मा शिवता शिवता वाचत. पुस्तकाच्या चाळीस प्रती असतील तर एकच फर्मा चाळीस वेळा हातात येई, मग पुढचा. मध्येच गिऱ्हाईक आलं आणि काकू पुढे गेल्या की एखादा फर्मा काका उरकून टाकत आणि काकूंची एक कडी निसटे. त्यामुळे गावातल्या निम्म्या भानगडी त्यांना मधूनमधून पाठ होत्या. राहिलेलं त्या अंदाजाने भरून काढत, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

दुकान मुख्य रस्त्यावर होतं, कोर्ट आणि नोंदणी कचेरी यांच्या मधोमध. दारातून शिरलं की डावीकडे कटिंग मशीन. ते जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं, आणि त्याच्यानंतर दुकानाचा दरवाजा बसवलेला, म्हणजे आत आलं त्या वाटेने ते बाहेर जाणार नव्हतं. उजवीकडे प्रेस. छापायचा नव्हे, दाबायचा: दोन जाड लोखंडी पाट, मधून उभा स्क्रू, वर हाताने फिरवायचं चाक. ओली पुस्तकं दोन पाटांत ठेवून चाक आवळायचं आणि खळ वाळेपर्यंत तशीच सोडायची. प्रेसबाबतही सासऱ्यांचा एक नियम होता. तो रिकामा आवळायचा नाही. मध्ये काहीतरी हवं, नाहीतर स्क्रूचे आटे जातात.

या दोन नियमांवर आणि एका स्टुलावर संसार नीट चालला होता. मुलगी लग्न होऊन परगावी होती. दर रविवारी फोन करून दुकान बंद करा असं ती सांगे आणि दर रविवारी काका बरं म्हणत.

त्या वर्षी नगरपरिषदेने ठरवलं की गावाच्या मध्यवर्ती भागाला रूप द्यायचं. रूप म्हणजे काय याबद्दल सभेत एकवाक्यता नव्हती, पण सध्या जे आहे ते नव्हे, यावर सर्वांचं एकमत झालं. मुख्य रस्त्यावर यापुढे कोणते धंदे चालतील आणि कोणते नाहीत याचा एक आराखडा तयार झाला. कायद्याप्रमाणे तो तीस दिवस लोकांना बघायला ठेवायचा, हरकती घ्यायच्या, मग मंजूर करायचा. तशी सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून आली, आणि त्याच दिवशी नियोजन खात्याचा कारकून हातगाडीवर छापलेले मोठे सुटे कागद लादून काकांच्या दारात उभा राहिला. चाळीस प्रती. नुसत्या चिकटवायच्या होत्या. आठ दिवसांत द्या, म्हणजे उरलेले बावीस दिवस लोकांना बघायला मिळतील, असा त्याचा हिशेब होता.

ऑफिसात एखादी प्रत ठेवली का, असं त्याला कोणी विचारलं नाही. ठेवली नव्हती. सुट्या पानांना पाय फुटतात, असा खात्याचा अनुभव होता. आराखडा संकेतस्थळावरही होता, पण तिथे एक गोल फिरत राही आणि पुढे काही होत नसे.

काकांनी कागद बोटांत घेतला, वाकवला, सोडला.

"हे लोकांनी उघडून बघायचं पुस्तक आहे?"

"कायद्याने सगळं गाव बघू शकतं," कारकून म्हणाला.

"मग चिकटवून चालणार नाही. तिसऱ्या माणसाच्या हातात पानं येतील."

सार्वजनिक वापराचं पुस्तक शिवलेलंच हवं, हे काकांचं मत नव्हतं, श्रद्धा होती. त्यात नकाशे होते, मोठ्या घड्यांचे. त्यांना कापडी पट्टी लावावी लागणार होती. हवा दमट होती, खळ वाळायला वेळ घेत होती. शिवणाचे जादा पैसे नकोत, पण वेळ हवा, असं ते म्हणाले. कारकुनाने अर्ज द्यायला सांगितलं. काकांनी काउंटरवरच, आपल्या वळणदार अक्षरात, दोन ओळी लिहिल्या: काम टिकाऊ व्हावे यासाठी तीस दिवसांची मुदत मिळावी, ही विनंती. कारकुनाने साहेबांना विचारलं. साहेब ताबडतोब हो म्हणाले. खात्याने कोणाची विनंती इतक्या तत्परतेने मान्य केल्याचं गावाच्या स्मरणात नव्हतं, आणि काकांना त्याचा थोडा अभिमानही वाटला.

काम सुरू झालं. पाचवा फर्मा नकाशांचा, अवघड, म्हणून तो काकांनी स्वतःकडे ठेवला. बाकीचे काकूंकडे गेले. सहावा फर्मा शिवताना काकू थांबल्या.

"अहो, यात आपल्या रस्त्याची यादी आहे."

"बांधायला आलेलं आपलं नसतं," काका म्हणाले.

"धंद्यांची यादी. कॉफीचं दुकान, फुलांचं दुकान, भेटवस्तू, बँक, टेलर. बाइंडिंग नाही त्यात."

काकांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा आतल्या मजकुरावर अभिप्राय दिला. "मग सुटलो," ते म्हणाले.

काकूंनाही तसंच वाटलं होतं. सरकारी यादीत नाव असणं म्हणजे काहीतरी भरा, काहीतरी पाडा, कुठेतरी सही करायला या. नाव नसणं म्हणजे सुखरूप. आयुष्यभराचा अनुभव असाच होता आणि तो खोटा म्हणायला जागा नव्हती. आता, यादी कशाची, हे तिच्या आधीच्या पानावर लिहिलं होतं: मध्यवर्ती विभागात फक्त पुढील व्यवसायांना परवानगी राहील, इतर सर्व बंद होतील. ते पान पाचव्या फर्म्याचं शेवटचं पान होतं. जी वाचत होती तिच्या हातात ते आलं नाही. ज्याच्या हातातून ते चाळीस वेळा गेलं तो वाचत नव्हता.

मधल्या काळात अगदीच कोणी चौकशी केली नाही असं नाही. दोन दुकानं सोडून सायकल दुरुस्तीवाला होता. त्याने सूचना वाचली, ऑफिसात गेला, आराखडा बाइंडिंगला गेलाय असं ऐकून काकांकडे आला. जरा बघू द्या, म्हणाला. काकांनी त्याला चहा दिला आणि आराखडा दिला नाही. दुसऱ्याचं काम तिसऱ्याला दाखवायचं नसतं. आज तुला दाखवलं तर उद्या तुझं कोणाला दाखवीन, असं त्यांनी प्रेमाने समजावलं. सायकलवाल्याला ते पटलं. त्याचं कधी काही बांधायला यायचं नव्हतं, पण तत्त्व म्हणून पटलं. चाळीस प्रती त्या वेळी त्याच्यापासून चार फुटांवर प्रेसमध्ये होत्या.

तिसाव्या दिवशी, दुपारी, काकांनी प्रती पोचवल्या. निळं कापड, शिवलेली पाठ, कुठलंही पान उघडलं की सपाट पडून राहणारं पुस्तक. कारकुनाने मोजून घेतल्या, काकांच्या पोचवहीत काम आल्या-गेल्याच्या तारखांखाली सही केली, आणि ऑफिस बंद व्हायला दोन तास असताना त्या लोकांसाठी खुल्या झाल्या. कोणी आलं नाही.

दोन महिन्यांनी शटरवर नोटीस लागली. आपला व्यवसाय परवानगी असलेल्या वापरांच्या यादीत नसल्याने सहा महिन्यांत बंद किंवा स्थलांतरित करावा. कागद, कापड व चिकट पदार्थ यांवर यंत्राने प्रक्रिया करणारे उद्योग नव्या औद्योगिक पट्ट्यात जातील. तो पट्टा गावापासून सात किलोमीटरवर, सिमेंटच्या गोदामाच्या पलीकडे. कोर्टातला वकील दुपारच्या सुटीत फाइल बांधायला सात किलोमीटर जाणार नाही, हे वकिलालाही कळत होतं आणि काकांनाही.

तशीच नोटीस सायकलवाल्यालाही आली. तो ती हातात घेऊन दुकानाच्या पायरीशी आला, पण वर चढला नाही.

"काका, त्या दिवशी दाखवलं असतंत तर?"

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. काका कापडाच्या कडेचा एक सुटा धागा ओढत राहिले. थोड्या वेळाने तो गेला. त्यानंतर तो समोरून जायचा, पण मान वळवून, रस्त्यापलीकडच्या भिंतीत काहीतरी बघण्यासारखं असल्यासारखा.

पोचवहीची आठवण काकूंना झाली. नोटिशीवरच्या तारखा आणि वहीतल्या तारखा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. आराखडा तीस दिवस लोकांसमोर होता, असं नोटीस म्हणत होती. तो तीस दिवस आपल्या प्रेसमध्ये होता, असं वही म्हणत होती, आणि खाली खात्याच्याच कारकुनाची सही होती. म्हणजे आराखडा कोणी बघितलाच नाही. म्हणजे सगळं नव्याने करावं लागेल. एका वकिलाने वही उलटसुलट करून बघितली आणि यात दम आहे म्हणाला. त्या आठवड्यात काका जेवले चांगलं. मुलीला फोनवर, दुकान काही बंद होत नाही, असं त्यांनी पहिल्यांदाच उलट सांगितलं.

हरकत घ्यायची मुदत संपली होती, पण सुनावणी मागता येत होती. ती मिळाली. साहेब पन्नाशीचे, सौम्य, बसायला खुर्ची देणारे. दारात कारकून फाइल छातीशी धरून उभा. काकांनी वही पुढे केली. साहेबांनी ती मन लावून वाचली. त्यांच्या टेबलावरच्या इतर कागदांना ते भाग्य क्वचितच लाभत असावं.

"म्हणजे आराखडा तीसही दिवस तुमच्या दुकानात होता."

"हो साहेब."

"चाळीसच्या चाळीस प्रती."

"हो."

"मग या गावात तो बघायची सगळ्यात जास्त सोय कोणाला होती?"

काकांना प्रश्न कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "मी वाचत नाही, साहेब. बांधायला आलेलं वाचत नाही."

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते खोटं वाटलं नव्हतं. त्यांनी कारकुनाकडून फाइल मागून घेतली आणि एक कागद काढून टेबलावर ठेवला. वळणदार अक्षर, दोन ओळी, खाली काकांची सही. खात्याने आठ दिवस दिले होते, साहेब म्हणाले. बाकीचे बावीस तुम्ही मागितलेत.

"पण बाकीच्या लोकांनी कुठे बघायचा होता?" काकूंनी विचारलं.

"बाकीचे लोक आलेत का?" साहेबांनी दाराकडे बघितलं. दारात कारकून होता. सायकलवाला आला नव्हता. काकांच्या बाजूने साक्ष द्यायला त्याला बोलवायचं कोणी, हा प्रश्न घरी निघाला होता आणि तसाच राहिला होता.

साहेबांनी माणुसकीने एक मार्ग सुचवला. त्याच जागेत वह्या-डायऱ्या विकायला ठेवा. विक्रीला परवानगी आहे. फक्त तिथे यंत्राने बनवायच्या नाहीत.

"आणि कापायच्या कशाने, दातांनी?" काकू म्हणाल्या.

साहेबांनी क्षणभर विचार केला. हाताने केलेल्या कामाबाबत आराखड्यात स्पष्टता नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी ते टिपून घेतलं. कोर्टात जायचा मार्ग मोकळा आहे, असंही सांगितलं. तिथेही मुदतवाढीचा हाच अर्ज लावावा लागेल, आणि ती देणाऱ्यांची, म्हणजे आधी कारकुनाची, चौकशी होईल. दारातल्या कारकुनाने फाइल परत मागितली नाही. हात मात्र तसेच छातीशी राहिले.

वकिलाने सांगितलं की निकालाला पाच ते सात वर्षं लागतील. काका चौसष्ट वर्षांचे होते आणि नोटीस सहा महिन्यांची होती. त्यांनी वही पिशवीत घातली. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या की अर्जाचं अक्षर फार सुंदर आलं होतं.

दुकान बंद व्हायला महिना राहिला तेव्हा कारकून पुन्हा हातगाडी घेऊन आला. मंजूर झालेला, अंतिम आराखडा. चाळीस प्रती, पंधरा दिवस. गावात दुसरं कोणी हे काम करत नाही, असं तो जमिनीकडे बघून म्हणाला. ढकलून दे ती गाडी, असं काकूंच्या चेहऱ्यावर होतं. काकांनी कागद बोटांत घेतला, वाकवला, सोडला, आणि आत ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकू स्टुलावर बसल्या, दोऱ्याला मेण लावलं, पहिला फर्मा घेतला. काका समोर कापड कापत होते.

"वाच," ते म्हणाले.

"काय?"

"मोठ्याने वाच. पहिल्यापासून."

काकूंनी वाचलं. हद्दी, रस्त्यांची रुंदी, पाट्यांचे रंग, कुंड्यांची उंची. आपला बाप वरून बघतोय असं वाटून सुरुवातीला त्यांचा आवाज उतरत होता, मग सरावला. पाचवा फर्मा काकांनी आपल्याकडे घेतला होता. त्याचं शेवटचं पान आलं तेव्हा त्यांनी तो काकूंपुढे धरला. काकूंनी ती ओळ वाचली. फक्त पुढील व्यवसायांना परवानगी राहील, इतर सर्व बंद होतील.

"पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचली.

"हे माझ्या हातातून चाळीस वेळा गेलं," काका म्हणाले.

"ऐंशी," काकू म्हणाल्या. "आता परत शिवताय ना."

पुढची यादी त्यांनी न थांबता वाचली. एक बदल होता: साहेबांनी टिपलेला. हाताने करायच्या कामांनाही परवानगी नाही, असं आता स्पष्ट केलं होतं. शेवटच्या फर्म्यात परिशिष्ट होतं. आराखडा तीस दिवस अवलोकनासाठी ठेवण्यात आला. प्राप्त हरकती: निरंक. काकूंनी तेही त्याच आवाजात वाचलं.

"तिथे टाका घट्ट घे," काका म्हणाले.

"कोण उघडतंय ते पान."

तरी त्यांनी घट्ट घेतला. प्रती मुदतीच्या एक दिवस आधी पोचल्या. कारकुनाने पोचवहीत सही केली आणि नमस्कार केला, जो त्याने आधी कधी केला नव्हता.

कटिंग मशीन दारातून निघेना, म्हणून भंगारवाल्याने ते जागेवरच गॅसने कापून चार तुकड्यांत नेलं. जमिनीत बोल्टांची चार भोकं राहिली. जागेत कॉफीचं दुकान आलं. मालकीण तरुण होती, हसरी, काकांना काका म्हणणारी. तिला प्रेस हवा होता. जुन्या वस्तूने जागेला वजन येतं, म्हणाली, आणि वजनाच्या बाबतीत तिचं बरोबर होतं. तो दाराशी ठेवून तिने वर फुलांची कुंडी ठेवली. तीन आठवड्यांनी खात्याकडून तपासणीला कारकून आला आणि अडला. यंत्र चालू स्थितीत होतं. चालू यंत्र म्हणजे यंत्राचा वापर, आणि त्याला परवानगी नाही. शोभेचं असेल तर ते फिरता कामा नये.

मालकिणीने काकांना फोन केला. ते पाना आणि लोखंडी खीळ घेऊन गेले. काकू बरोबर आल्या, पण आत शिरल्या नाहीत. दोन दुकानं पलीकडे, जिथे सायकली उलट्या करून ठेवलेल्या असत तिथे आता फुलं विकायला होती, तिथे त्या उभ्या राहिल्या.

काकांनी कुंडी उतरवली. चाक आवळून खीळ ठोकायची, म्हणजे ते पुन्हा सुटणार नाही, एवढंच काम होतं. पण त्यांनी हात थांबवला आणि मध्ये घालायला काहीतरी मागितलं.

"कशाला? काही दाबायचंय का?" मालकिणीने विचारलं.

"रिकामा आवळत नाहीत."

तिने इकडे तिकडे बघितलं आणि काउंटरवरचा जाड कार्डांचा गठ्ठा दिला. काकांनी कडा जुळवून तो पाटांच्या बरोबर मध्ये ठेवला, चाक फिरवलं, शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला खांदा लावला आणि खीळ ठोकली. कारकुनाने चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हललं नाही. त्याने कागदावर खूण केली. मालकिणीने कॉफी विचारली. काकांनी नको म्हटलं आणि कुंडी होती तशी परत वर ठेवली.

बाहेर काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं.

"मध्ये काय घातलंत?"

"मेनू कार्डं."

"वाचलीत?"

"नाही," काका म्हणाले.